मंडळाच्या नावाने नाही, स्वतःच्या नावाने

*ताई, आम्ही न्यू जर्सीतल्या एका टाउनशिपमध्ये राहतो. आमचं छोटं मराठी मंडळ आहे, मी त्याचा खजिनदार. यंदा गणेशोत्सवातल्या शनिवारी टाउनच्या बागेतल्या पॅव्हिलियनमध्ये पूजा, आरती आणि मुलांचं लेझीम करायचं म्हणून एप्रिलमध्ये मंडळाच्या नावाने परमिटचा अर्ज केला. रिक्रिएशन खात्याचा ई-मेल आला, 'टाउनच्या बागांमध्ये धार्मिक कार्यक्रमांना परवानगी नाही.' पण ईस्टरला त्याच पॅव्हिलियनमध्ये एका चर्चची पहाटेची प्रार्थना झाली, माझ्याकडे फोटो आहेत. वकिलाने मागितलेली आगाऊ रक्कम मंडळाच्या वर्षाच्या जमेपेक्षा जास्त होती. तेव्हा फेडरल कोर्टात मंडळाच्या वतीने मीच दावा टाकून स्टे आणणार आहे. पुण्यात आमच्या काकांनी शेजाऱ्याच्या बांधकामावर दोन दिवसांत स्टे आणला होता. मोशन एआयकडून लिहून घेतलंय, सोबत पाठवतो. त्यात परमिट, तळ्यात विसर्जनाची मुभा, टाउनचा माफीनामा, पन्नास हजार डॉलर भरपाई आणि गेल्या वर्षी आमच्याशी उर्मटपणे बोललेल्या पोलिसावर कारवाई मागितली आहे. माझं ग्रीन कार्ड अजून यायचंय. काही राहिलंय का? — एक खजिनदार*

खजिनदारसाहेब,

राहिलं काहीच नाही, उलट फार जास्त झालंय. तुमची तक्रार चांगली दमदार आहे. पण हे मोशन, म्हणजे कोर्टाकडे आदेश मागणारा अर्ज, असंच दाखल केलंत, तर न्यायाधीश ईस्टरच्या फोटोपर्यंत पोचायच्या आत ते बाजूला पडेल. मी तुमची वकील नाही, हे एक सदर आहे, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

सगळ्यात आधी पहिल्या पानावरची ओळ खोडा, 'वादी : मंडळ, तर्फे खजिनदार'. अमेरिकेच्या फेडरल कोर्टात माणूस स्वतःची केस स्वतः चालवू शकतो. तो हक्क कायद्यातच लिहिलेला आहे, २८ यू.एस.सी. कलम १६५४. पण हा हक्क फक्त माणसाला आहे. कंपनी, ट्रस्ट, संस्था, मंडळ यांना वकिलाशिवाय उभं राहता येत नाही. सुप्रीम कोर्टाने १९९३ साली रोलंड विरुद्ध कॅलिफोर्निया मेन्स कॉलनी या प्रकरणात हे स्पष्ट केलं. तिथे संघटना होती तुरुंगातल्या कैद्यांची, तरीही कोर्टाने सवलत दिली नाही. तुमचा अध्यक्ष, सेक्रेटरी, सगळी कार्यकारिणी सह्या करून आली तरी उपयोग नाही. लेझीमवाल्या मुलीचं नाव वादी म्हणून घालायचा विचार असेल तर तोही सोडा. वकील नसलेल्या आईबापांना मुलांच्या वतीने केस चालवता येत नाही, हे तुमच्या भागाच्या अपील कोर्टाने, म्हणजे फिलाडेल्फियाच्या थर्ड सर्किटने, १९९१ सालीच ठरवून टाकलंय.

मग करायचं काय? याच आठवड्यात त्याच पॅव्हिलियनसाठी, त्याच शनिवारसाठी नवा अर्ज द्या, या वेळी स्वतःच्या नावाने. फॉर्मचा प्रत्येक रकाना भरलेला, विम्याचं सर्टिफिकेट जोडलेलं, फी भरलेली, किती माणसं येणार आणि गाड्या कुठे लावणार हे लिहिलेलं. दुसऱ्यांदाही 'धार्मिक म्हणून नाही' असं उत्तर आलं, तर नाकारला गेलेला माणूस तुम्ही स्वतः असाल आणि कोर्टात तुम्ही स्वतःच उभे राहू शकाल. फॉर्म अर्धवट नको, एवढ्यासाठीच सांगते की टाउनच्या वकिलाला 'विमा नव्हता', 'माणसांची मर्यादा ओलांडत होती' यातलं एक जरी कारण सापडलं, तरी धर्माचा मुद्दा मागे पडतो. अशी कारणं सगळ्यांना सारखी लावलेली असतील तर कोर्टाला ती चालतात.

आता स्टेबद्दल. काकांचा पुण्याचा अनुभव इथे आणू नका. आपल्याकडे दिवाणी कोर्टात आदेश ३९ खाली प्रथमदर्शनी केस, सोयीचा तोल आणि भरून न येणारं नुकसान पाहिलं जातं, आणि सकाळी अर्ज दिल्यावर संध्याकाळपर्यंत 'जैसे थे' मिळाल्याच्या गोष्टी आपण घरोघर ऐकलेल्या असतात. इथलं प्रिलिमिनरी इंजंक्शन दिसायला त्याचंच भावंड आहे, पण हात फार आखडता. २००८ साली विंटर विरुद्ध नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल या खटल्यात, ज्यात दक्षिण कॅलिफोर्नियाच्या समुद्रातले देवमासे आणि नौदलाचं सोनार असा वाद होता, सुप्रीम कोर्टाने चार कसोट्या ठरवून दिल्या. शेवटी तुम्ही जिंकण्याची शक्यता, आदेश न मिळाल्यास भरून न येणारं नुकसान होण्याची शक्यता, दोन्ही बाजूंच्या अडचणींचा तोल, आणि सार्वजनिक हित. नुकसान 'होऊ शकतं' एवढ्यावर भागत नाही, ते होण्याचीच शक्यता जास्त आहे हे दाखवावं लागतं. समोर सरकारी यंत्रणा असली की शेवटच्या दोन कसोट्या बहुधा एकत्रच तपासल्या जातात. थर्ड सर्किट पहिल्या दोघींना उंबरठा मानतं. तो ओलांडला नाहीत तर आतल्या दोघींपर्यंत प्रकरण जातच नाही.

पहिल्या कसोटीवर तुमचं बरं चाललंय. सार्वजनिक बाग ही भाषणासाठी, जमण्यासाठी पूर्वापार खुली मानलेली जागा. तिथे विषय धार्मिक आहे म्हणून एखाद्याला दाराबाहेर ठेवणं सरकारला सहसा जमत नाही. लँब्ज चॅपल १९९३, गुड न्यूज क्लब २००१, बॉस्टनच्या झेंड्याचा शर्टलेफ खटला २०२२, हे सगळे निकाल त्याच वाटेचे. पण मोशनमध्ये सगळ्यात वर यायला हवं ते तुमच्या घराजवळचं प्रकरण : चाइल्ड इव्हँजेलिझम फेलोशिप ऑफ न्यू जर्सी विरुद्ध स्टॅफर्ड टाउनशिप स्कूल डिस्ट्रिक्ट, २००४. शाळा बाकी संस्थांची पत्रकं मुलांना वाटायची, या धार्मिक क्लबची मात्र नाही. जिल्हा कोर्टाने प्रिलिमिनरी इंजंक्शन दिलं आणि थर्ड सर्किटने ते कायम ठेवलं. निकाल लिहिला होता सॅम्युअल अलिटो यांनी, तेव्हा ते सुप्रीम कोर्टात गेले नव्हते. न्यू जर्सीतल्या फेडरल न्यायाधीशांवर हा निकाल बंधनकारक आहे. तुमच्या एआयने पाच पानं लिहिली आणि हाच गाळला!

त्यात चर्चला दिलं आणि तुम्हाला नाही, हे आणखी वाईट. सरकारने एका पंथाला जवळ आणि दुसऱ्याला लांब ठेवायचं नाही, हा लार्सन विरुद्ध व्हॅलेंटे या १९८२ च्या निकालाचा गाभा. फक्त हे सिद्ध करायला फोटो पुरत नाही. चर्चचे लोक परमिट न काढता आले असतील तर? म्हणून टाउन क्लार्ककडे ओप्रा कायद्याखाली, म्हणजे न्यू जर्सीच्या माहिती अधिकाराखाली, अर्ज टाका. गेल्या तीन वर्षांत त्या पॅव्हिलियनसाठी आलेले सगळे अर्ज, दिलेली आणि नाकारलेली सगळी परमिटं, बागांच्या वापराचं लेखी धोरण आणि त्याबद्दलचा ऑर्डिनन्स मागा. साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ईस्टरचं परमिट त्या गठ्ठ्यात सापडलं तर तुमच्या हाती फोटोच्या दसपट ताकदीचा कागद आला. लेखी धोरण आणखी एका कारणासाठी हवं. टाउनशिपवर कलम १९८३ खाली, म्हणजे घटनेचे हक्क मोडल्याबद्दल दावा करू देणाऱ्या फेडरल कायद्याखाली, दावा चालतो, पण एखाद्या कारकुनाच्या लहरीसाठी नाही. टाउनचं धोरण किंवा रूढ पद्धत दाखवावी लागते, असं मोनेल खटल्यात १९७८ साली ठरलं. 'टाउनच्या बागांमध्ये धार्मिक कार्यक्रमांना परवानगी नाही' हे वाक्य लिहिणाऱ्याने तुमचं निम्मं काम केलंय. तो ई-मेल जपून ठेवा.

दुसरी कसोटी तुम्ही गृहीत धरली आहे. मोशनमध्ये एल्रॉड विरुद्ध बर्न्स, १९७६, एवढंच आहे : अभिव्यक्तीचा हक्क थोडा वेळ जरी गेला तरी ते न भरून येणारं नुकसान. निकाल खरा आहे, वापराही. पण थर्ड सर्किटने २०२४ मध्ये डेलावेअरच्या बंदूकधारकांचं इंजंक्शन नाकारताना बजावलं की घटनेचा हक्क म्हटला म्हणून नुकसान आपोआप धरून चालणार नाही, आणि इंजंक्शन असतं ते शेवटी निकाल देण्याची कोर्टाची ताकद शाबूत राहावी म्हणून. दूध उतू जात असेल तर न्यायाधीश गॅसकडे धावतील, पण त्याच फेरीत अख्खं स्वयंपाकघर लावून द्यायला सांगू नका. तेव्हा सरळ लिहा की चतुर्थी पंचांगाने ठरते, ती ऑक्टोबरात ढकलता येत नाही. खटला उभा राहून निकाल लागेपर्यंत हा उत्सव होऊन गेलेला असेल आणि त्या सकाळची किंमत पैशांत भरून देता येणार नाही. हे न्यायाधीशांना माहीत असेल असं समजू नका. अनंत चतुर्दशी म्हणजे काय, दीड, पाच, सात, दहा दिवसांचे गणपती कसे असतात, शनिवारच का निवडला, हे तीन-चार वाक्यांत सांगा.

याच कसोटीवर तुमचा एप्रिल तुम्हाला नडणार आहे. नकार वसंतात आला आणि तुम्ही कोर्टात जाताय पावसाळ्यात. 'एवढी घाई होती तर इतके दिवस काय करत होता?' हा प्रश्न येणारच. मधल्या काळात टाउनला लिहिलेली पत्रं, कौन्सिलच्या बैठकीत पब्लिक कॉमेंटला उभे राहिला असाल तर त्याची तारीख, वकील शोधल्याच्या नोंदी, सगळं क्रमवार मांडा. टाउनशिपच्या वकिलाला अजून पत्र पाठवलं नसेल तर आज पाठवा, उत्तरासाठी दहा दिवस द्या. बहुतेक टाउन ॲटर्नींना गुड न्यूज क्लब माहीत असतो, आणि पुष्कळदा प्रकरण इथेच मिटतं.

आता तुमच्या मागण्या. मोशनमधून पन्नास हजार डॉलर काढा. पैशांनी भरून निघणारं ते नुकसान भरून न येणारं कसं? भरपाई मूळ दाव्यात मागा, त्याला न्यू जर्सीत दोन वर्षांची मुदत आहे. त्यात एक डॉलरची नाममात्र भरपाईही न विसरता मागा. कारण टाउनने उद्या धोरण बदलून 'आता वादच उरला नाही' म्हटलं तरी त्या एका डॉलरवर जुन्या उल्लंघनाचा दावा जिवंत राहू शकतो, हे सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये उझुएगबुनाम खटल्यात मान्य केलं. माफीनामा काढा. पोलीसही काढा. त्याचा परमिटशी संबंध नाही, आणि मागे एकदा झालेल्या वागणुकीवरून पुढचा मनाई हुकूम मिळत नाही, लॉस एंजेलिस विरुद्ध लायन्स, १९८३. तिथे तर पोलिसांनी माणसाचा गळा आवळला होता, आणि तरी इंजंक्शनसाठी त्याला दार बंद झालं.

आणि विसर्जन. राग येईल, पण तेही काढा. तळ्यात काहीही टाकू नये हा नियम सगळ्यांना सारखा असेल तर १९९० च्या स्मिथ निकालानंतर धर्माच्या नावाने त्यातून सूट मागणं फार कठीण आहे. तुमच्या सोप्या मुद्द्याला हा अवघड मुद्दा बांधला की टाउनचा वकील फक्त तळ्याबद्दलच बोलेल. शाडूची मूर्ती, घरामागे टब, संध्याकाळी झाडांना पाणी. इथली निम्मी मराठी घरं हेच करतात.

उरतं काय? एक मागणी. तिचा मसुदा आदेश तुम्हीच टाइप करून जोडा, साधारण असा : 'अमुक शनिवारी सकाळी ९ ते दुपारी २ या वेळेत पॅव्हिलियन वापरण्याचा वादीचा अर्ज कार्यक्रम धार्मिक आहे या कारणावरून प्रतिवादी टाउनशिपने नाकारू नये. इतर अर्जदारांना लागू असलेल्या अटी वादीलाही लागू राहतील.' बघा, न्यायाधीशांना फक्त सही करायची आहे, आणि टाउनला नुसतं एक चुकीचं कारण सोडायचं आहे. 'परमिट द्याच' असा हुकूम मागितलात तर कोर्ट जास्त कडक तपासतं. 'या कारणावरून नाकारू नका' ही मागणी त्या मानाने हलकी जाते.

प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर नको, नोटरी नको. २८ यू.एस.सी. कलम १७४६ प्रमाणे शेवटी खोटं बोलल्यास शिक्षेस पात्र राहून हे सत्य असल्याचं लिहायचं, तारीख घालायची, सही करायची. तुमच्या मसुद्यात आहे, 'टाउनशिपच्या द्वेषपूर्ण वृत्तीमुळे समस्त हिंदू समाजाच्या भावना तीव्रपणे दुखावल्या.' हे वाक्य कोर्टाच्या काहीच कामाचं नाही. त्याऐवजी असं लिहा : 'अमुक तारखेला मी माझ्या नावाने अर्ज दिला, प्रत निशाणी अ. अमुक तारखेला रिक्रिएशन खात्याकडून ई-मेल आला, प्रत निशाणी ब. ईस्टरच्या रविवारी पहाटे मी स्वतः पॅव्हिलियनजवळ होतो, तिथे प्रार्थना चालू होती, मी काढलेला फोटो निशाणी क. त्या दिवसाचं परमिट टाउन क्लार्ककडून मिळालं, निशाणी ड.' तुम्ही स्वतः पाहिलं, केलं, मिळवलं तेवढंच.

दाखल कसं करायचं? आधी दावा, मग मोशन, किंवा दोन्ही एकदम. नुसतं मोशन घेऊन जाता येत नाही. फी ४०५ डॉलर, परवडत नसेल तर माफीचा अर्ज. समन्स तुम्ही स्वतः बजावू शकत नाही, अठरा वर्षांवरच्या दुसऱ्या कुणीतरी बजावायचं, मंडळातला कुणीही चालेल. न्यू जर्सीच्या फेडरल कोर्टात साधं मोशन ठरलेल्या मोशन डेच्या किमान २४ दिवस आधी टाकावं लागतं. तेवढा वेळ नसेल तर स्थानिक नियम ६५.१ खाली 'ऑर्डर टू शो कॉज', म्हणजे आदेश का देऊ नये हे टाउनने येऊन सांगावं असा हुकूम, मागा आणि घाई का आहे ते प्रतिज्ञापत्रावर सांगा. समोरच्याला न कळवता एकतर्फी रिस्ट्रेनिंग ऑर्डर मात्र मागू नका. ती मिळाली तरी साधारण १४ दिवसांची, आणि नियम ६५ विचारतो, नोटीस का दिली नाही? टाउन हॉल तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर, काय उत्तर द्याल? त्याच नियमात तारण ठेवण्याची अट आहे, तेव्हा ते माफ किंवा नाममात्र करावं अशी विनंती मोशनमध्येच घाला.

एआयच्या मसुद्यातले दोन निकाल मला कुठेच सापडले नाहीत. कोर्टलिसनर या निकालांच्या वेबसाइटवर फुकट शोधता येतं. तिथे मिळाला नाही आणि तुम्ही पूर्ण वाचला नाही, तो निकाल छापायचा नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी मॅटा विरुद्ध एव्हिआंका खटल्यात अशाच बनावट निकालांपायी वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला. सही तुमची, म्हणून सही करणाऱ्याला मजकुरासाठी जबाबदार धरणारा नियम ११ तुम्हालाही लागू. वकील नसलेल्या माणसाच्या लिखाणाकडे कोर्टाने सैल नजरेने पाहावं असं सुप्रीम कोर्ट १९७२ पासून सांगत आलंय, पण ही सैल नजर भाषेपुरती आणि मांडणीपुरती.

ग्रीन कार्डाचं म्हणाल, तर कलम १९८३ नागरिकाला आणि 'अधिकारक्षेत्रातल्या कोणाही व्यक्तीला' लागू आहे. दावा करायला नागरिकत्व लागत नाही. मनात तरीही धाकधूक असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोला, मी त्या विषयात नाक खुपसत नाही.

आणि फुकटचा वकील अजून शोधा. नागरी हक्कांसाठी लढणारी न्यू जर्सीची एसीएलयू, बेकेट ही धर्मस्वातंत्र्याची संस्था, नेवार्कमधल्या लॉ स्कूलच्या क्लिनिक, सगळ्यांना दोन पानांत लिहा. कोणी फक्त इंजंक्शनपुरतं उभं राहायला तयार होईल का, हेही विचारा. लगेच होकार येईल असं नाही. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२५ मध्ये लॅकी विरुद्ध स्टिनी निकालात म्हटलं की नुसतं प्रिलिमिनरी इंजंक्शन मिळालं आणि मग सरकारने नियम बदलून वाद संपवला, तर समोरच्याकडून वकिलाची फी मिळणार नाही. वकिलांचं गणित त्यामुळे बिघडलंय, त्यांचा राग धरू नका.

'एकट्याने कधी कुणाला मिळालंय का?' असं तुम्ही तळटीपेत विचारलंय. बहुतेकांचं फेटाळलं जातं, खोटं कशाला सांगू. पण अर्कान्सासच्या तुरुंगातला ग्रेगरी होल्ट आठवतो. मुसलमान कैदी, अर्धा इंच दाढी ठेवू द्या एवढीच मागणी. तुरुंग त्वचेच्या रोग्यांना पाव इंच दाढी ठेवू देत होता, त्याला धर्मासाठी नाही. वकील नसताना त्याने जिल्हा कोर्टातून प्रिलिमिनरी इंजंक्शन मिळवलं. सुनावणीनंतर ते काढून घेतलं गेलं, अपीलही हरला. मग त्याने सुप्रीम कोर्टाला हाताने लिहून अर्ज केला. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्या कोर्टाने त्याला तात्पुरता आदेश दिला, आणि जानेवारी २०१५ मध्ये नऊच्या नऊ न्यायाधीशांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. तोपर्यंत मोठे वकील त्याच्या मागे आले होते, पण पहिला कागद त्याचा होता आणि त्यात मागणी अर्ध्या इंचाची होती.

मोशन फेटाळलं गेलं तर दावा संपत नाही. त्या नकारावर लगेच अपील करता येतं, ३० दिवसांत नोटीस द्यायची, पण यंदाची चतुर्थी त्यात निघून जाईल. टाउनने आधीच परमिट हातात ठेवलं, तर मोशन मागे घ्या. पण तसं झालं किंवा मोशन मंजूर झालं, तरी दावा लगेच मागे घेऊ नका. बागांचं धोरण बदलल्याचा ठराव लेखी मिळेपर्यंत थांबा, कारण पुढच्या वर्षी अर्ज पुन्हा त्याच खिडकीवर द्यायचाय.